माता, भगिनी, सखी : सोलापूरच्या श्राविका-परंपरेचे पुण्यस्मरण



सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडताना ज्यांनी दिले त्यांची आठवण प्रथम काढावयाची, ही आपल्या व्यापारी समाजाची जुनी आणि चांगली रीत आहे. कोणत्याही जिनमंदिराची पायरी चढताना, धर्मशाळेच्या ओवरीत बसताना, पाठशाळेच्या दारातून आत जाताना भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या दिसतात. त्यांतील कितीतरी पाट्यांवर मातेचे नाव असते. ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’ असे शब्द, त्याखाली देणगीची रक्कम, मिती आणि देणाऱ्या सुपुत्रांची नावे असतात. पुत्रांची भावना निर्मळ असते आणि दानही सत्पात्री असते. परंतु पन्नास वर्षांनंतर त्याच घराण्यातील एखादे नातवंड त्या पाटीकडे बोट दाखवून ‘ही आजी कोण होती?’ असे विचारते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनाही नाव आणि गाव यांपलीकडे फारसे सांगता येत नाही. दिलेल्या रकमेची नोंद पक्की राहते. जगलेल्या आयुष्याचे पान कोरे राहते.

म्हणूनच या मंगल प्रसंगी सोलापूरशी निगडित असलेल्या काही थोर स्त्रियांचे स्मरण करणे उचित आहे. माता, भगिनी आणि सखी ही तीन नाती प्रत्येक घरात असतात. या स्त्रियांनी ती नाती घराच्या उंबऱ्याबाहेर नेली. ज्यांचे आपले कोणी उरले नव्हते, अशांच्या त्या माता झाल्या, भगिनी झाल्या, सखी झाल्या. त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य थोडक्यात सांगावयाचे तर त्यांनी समाजातील दोन कुलपे उघडली. पहिले कुलूप स्त्रीच्या शिक्षणावर होते आणि दुसरे आपल्या शास्त्रभांडारावर. ही दोन्ही कुलपे एकाच किल्लीने कशी उघडली, तेच या स्मरणाचे सूत्र आहे.

ब्राह्मी आणि सुंदरी

आदिपुराणात आचार्य जिनसेनांनी सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना जवळ बसवून विद्या दिली. ब्राह्मीला लिपी शिकविली आणि सुंदरीला अंकविद्या. उजव्या हाताने अक्षरे आणि डाव्या हाताने अंक लिहून दाखविले, अशी परंपरा सांगते; एकं, दहं, शतं ही स्थाने उजवीकडून डावीकडे मोजत जाण्याचा संबंधही तिथेच जोडला जातो. आज दुकानातील वहीत जो व्यापारी आकडे मांडतो, तो परंपरेच्या दृष्टीने सुंदरीचाच विद्यार्थी आहे.

ज्या समाजाच्या पुराणात जगातील पहिल्या विद्यार्थिनी या प्रथम तीर्थंकरांच्या कन्या आहेत, त्या समाजात पुढे मुलींच्या हातून पाटी-पेन्सिल कशी सुटली, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजातील मुलींची लग्ने बालवयातच उरकली जात. त्यांतील अनेकींच्या वाट्याला संसार कळण्यापूर्वीच वैधव्य येई. मग उरलेले सारे आयुष्य माजघराच्या अंधारात, रंगहीन लुगड्यात आणि दुसऱ्यांच्या मंगलकार्यापासून दूर उभे राहण्यात जाई. व्रत-उपवास तिच्याकडून कडकडीत करवून घेतले जात; परंतु त्या व्रतांचा अर्थ सांगणारा ग्रंथ मात्र तिच्या हाती दिला जात नसे. माहेरी परतलेली मुलगी घरच्यांना जड झाली नाही, तरी तिच्या आयुष्याचे पुढे काय करावे हे कोणालाच उमगत नसे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घालण्याचे कार्य तेव्हा सुरू झाले होते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. याच काळात जैन समाजातही दोन घरांत एक वेगळा विचार अंकुरत होता. त्यांपैकी एक घर मुंबईचे होते आणि दुसरे आपल्या सोलापूरचे.

दोन मित्र, दोन कन्या

मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी हे मोत्यांचे मोठे व्यापारी. ठिकठिकाणची जैन विद्यार्थी वसतिगृहे, मुंबईची हिराबाग धर्मशाळा आणि तीर्थक्षेत्रांच्या रक्षणाचे कार्य यांमुळे त्यांचे नाव चिरस्मरणीय झाले आहे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे त्यांचे स्नेही. ‘जैन बोधक’ हे पत्र सोलापुरातून सुरू करून त्यांनी समाजाला वाचनाची गोडी लावली. दोघेही व्यापारी, दोघेही धर्मनिष्ठ आणि दोघांनाही ग्रंथांची ओढ. या दोन मित्रांच्या वाट्याला एकाच प्रकारचे दुःख आले. माणिकचंदांच्या कन्या मगनबाई आणि हिराचंदांच्या कन्या कंकुबाई या दोघींनाही तरुणपणीच वैधव्य प्राप्त झाले.

जगभरच्या मोत्यांची पारख करणाऱ्या पित्याच्या घरात स्वतःच्या मुलीला एक मोती घालता येऊ नये, याहून मोठे दुःख ते कोणते? शेठ माणिकचंदांनी त्या दुःखाला विवेकाने वळण दिले. त्यांनी मुलीला शिकविले. धर्मग्रंथ, भाषा आणि लोकव्यवहार यांचे शिक्षण देऊन त्यांनी तिला समाजकार्यासाठी उभे केले. समाजाने पुढे मगनबाईंना ‘महिलारत्न’ म्हणून गौरविले. अंगावरचे अलंकार उतरवावे लागलेल्या कन्येच्या नावालाच रत्नाची उपमा जोडली गेली.

सोलापुरात शेठ हिराचंदांनीही तोच मार्ग धरला. कंकुबाई शिकल्या आणि शिकून स्वस्थ बसल्या नाहीत. मगनबाई, कंकुबाई आणि त्यांच्या सहकारी ललिताबाई या तिघींनी मुंबईच्या श्राविकाश्रमाच्या आणि अखिल भारतीय दिगंबर जैन महिला परिषदेच्या कार्याला वाहून घेतले. जिथे आधार नसलेल्या स्त्रीला निवारा मिळेल, अक्षरे मिळतील, धर्माचे ज्ञान मिळेल आणि स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल, अशी जागा त्यांना निर्माण करावयाची होती. दूर बिहारमध्ये आरा येथे पंडिता चंदाबाईंनी १९२१ साली जैन बाला विश्राम उभारला आणि ‘जैन महिलादर्श’ मासिकाचे संपादन केले. मुंबई, सोलापूर आणि आरा येथे कार्य करणाऱ्या या स्त्रिया एका परिवाराप्रमाणे वावरल्या. त्यांची भाषा वेगळी होती, प्रांत वेगळे होते; परंतु त्यांचे दुःख आणि त्यांचा निश्चय एकच होता.

येथे मैत्रीचा खरा अर्थ उमगतो. पित्यांची मैत्री मंदिरे, वसतिगृहे आणि ग्रंथ यांच्या कार्यात फळाला आली. कन्यांची मैत्री अशा स्त्रियांच्या उपयोगी पडली, ज्यांना त्यांनी पूर्वी कधी पाहिलेही नव्हते. दोन दुःखी जीव एकत्र आले की बहुधा एकमेकांजवळ अश्रू ढाळतात. कंकुबाई आणि मगनबाई एकत्र आल्या आणि त्यांनी तिसरीचे अश्रू पुसण्याचा मार्ग शोधला. सखी या शब्दाला याहून मोठा अर्थ देता येणार नाही.

भावाची बहीण

सोलापूरकरांना शेठ हिराचंदांचे एक अपत्य उत्तम ठाऊक आहे. उद्योगमहर्षी वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट १९१९ साली मुंबई बंदरातून निघाली आणि परकीय कंपन्यांची सागरी मक्तेदारी मोडण्याचा प्रारंभ झाला. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढण्यातही त्यांचाच पुढाकार होता. सोलापुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि तंत्रशिक्षण संस्थाही आहे. हे सर्व यथायोग्यच आहे.

परंतु त्याच घरात एक भगिनीही होती, हे वालचंद महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? भावाने समुद्रावर भारतीय बोट नेली, त्याचे वर्णन पाठ्यपुस्तकांत आले. बहिणीने माजघरात बसलेल्या स्त्रीला उंबऱ्याबाहेर आणले, ते मात्र समाजाच्या जुन्या अंकांत आणि संस्थांच्या अहवालांत राहिले. दोन्ही कार्यांना सारखेच धैर्य लागले. भावाला परकीय सत्तेशी झुंजावे लागले. बहिणीला आपल्याच माणसांचे मन वळवावे लागले. परक्याशी लढताना समाज पाठीशी असतो. आपल्यांना समजावताना मनुष्य एकटा पडतो. त्या एकटेपणात कंकुबाईंना पित्याचा आधार लाभला आणि मैत्रिणींची सोबत लाभली, म्हणून त्यांचे कार्य तडीस गेले.

मूडबिद्रीचे भांडार आणि लक्ष्मीबाई

आता दुसऱ्या कुलपाकडे वळू. कर्नाटकातील मूडबिद्री येथे षट्खंडागमावरील ‘धवला’ आणि कषायप्राभृतावरील ‘जयधवला’ या महान टीकांच्या तसेच ‘महाबंध’ या ग्रंथाच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जतन करून ठेवल्या होत्या. धवलेचा विस्तार सुमारे ७२,००० श्लोकांचा आणि जयधवलेचा ६०,००० श्लोकांचा मानला जातो. ग्रंथ होते, पण यात्रेकरूंना त्यांचे केवळ दर्शन घडे. सिद्धांतग्रंथांचे वाचन गृहस्थांनी करू नये, अशी समजूत रूढ झाली होती. जुन्या कन्नड लिपीतील ती पाने वाचू शकणारे विद्वानही बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. इकडे ताडपत्रे मात्र जीर्ण होत चालली होती.

१८८३च्या सुमारास शेठ माणिकचंद यात्रेनिमित्त मूडबिद्रीला गेले. तेथील ग्रंथांची अवस्था पाहून ते व्यथित झाले आणि त्यांनी सोलापूरला शेठ हिराचंदांना पत्र लिहिले. पुढे हिराचंद स्वतः तेथे गेले. ग्रंथांच्या प्रती करून घेण्यासाठी दोघा मित्रांनी खटपट केली आणि सुमारे १४,००० रुपयांचा निधी उभा राहिला. १८९६च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री यांच्या हस्ते प्रतिलिपीचे कार्य सुरू झाले. ते १९२२पर्यंत, म्हणजे २६ वर्षे चालले. एवढे होऊनही त्या प्रती मूडबिद्रीच्या बाहेर जाऊ द्यावयाच्या नाहीत, असाच तेथील निर्धार होता.

या कार्याच्या दरम्यान एक घटना घडली. गजपती शास्त्री यांनी गुप्तपणे कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली. या लेखनात त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा हात होता. लाखाहून अधिक श्लोकांचा विस्तार असलेला तो मजकूर, आणि तो उतरविण्यात एका गृहिणीचा वाटा! ज्या ग्रंथाला स्पर्श करण्याचा अधिकार गृहस्थालाही नाही असे मानले जाई, त्याची अक्षरे तिच्या लेखणीतून उतरली.

ती प्रत घेऊन गजपती शास्त्री प्रथम सोलापूरला आले. ज्या ग्रंथासाठी शेठ हिराचंद कित्येक वर्षे झटत होते, तो ग्रंथ आपल्या पावलांनी त्यांच्या दारी आला होता. तरीही शेठजींनी तो घेण्यास नकार दिला. विश्वासाने सोपविलेल्या कामातून गुप्तपणे तयार झालेली वस्तू आपल्याकडे ठेवणे न्यायाचे नाही, असे त्यांनी मानले. अचौर्य अणुव्रत पुस्तकात वाचणे सोपे असते. इष्ट वस्तू हाती आलेली असताना ते पाळणे किती अवघड, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. पुढे ती प्रत सहारनपूरच्या लाला जंबुप्रसादांकडे गेली. तिथे कन्नड प्रतीवरून नागरी प्रत झाली, तिच्यावरून आणखी प्रती निघाल्या आणि हे ग्रंथ कारंजा, अमरावती, आरा अशा अनेक भांडारांत पोचले. अमरावतीचे प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ साली धवलेचा पहिला भाग प्रकाशित केला आणि १९५८पर्यंत १६ भाग पूर्ण केले. ज्या ग्रंथाचे केवळ दर्शन घडत होते, तो आता छापील स्वरूपात वाचकांच्या हाती आला.

या प्रसंगात दोष कोणाचा आणि पुण्य कोणाचे, याचा निवाडा करणे सोपे नाही. शेठजींचा नकारही धर्माला धरून होता. लक्ष्मीबाईंच्या श्रमांमुळे जिनवाणी घराघरांत पोचली, हेही तितकेच सत्य आहे. या इतिहासात शेठजींच्या नावावर पाने आहेत. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला केवळ एक ओळ आली आहे. त्या एका ओळीचे ऋण मात्र संपूर्ण समाजावर आहे.

अत्तिमब्बेचा वारसा

लक्ष्मीबाईंचे नाव घेताना सोलापूरच्या शेजारच्या कन्नड मुलखातील आणखी एका श्राविकेचे स्मरण होते. दहाव्या शतकात चालुक्यांच्या राज्यात अत्तिमब्बे आणि गुंडमब्बे या दोन सख्ख्या बहिणी होत्या. नागदेव या सेनानीशी दोघींचा विवाह झाला होता. नागदेवाला युद्धात मरण आले. धाकटी बहीण गुंडमब्बे हिने पतीबरोबर सहगमन केले. थोरली अत्तिमब्बे मागे राहिली. पती गेला, पाठची बहीण गेली आणि पदरी लहान पुत्र होता. तिने जगण्याचा निश्चय केला.

त्या निश्चयातून जे घडले, ते इतिहासात अजरामर झाले आहे. तिने पुत्राला वाढविले. महाकवी रन्न याला आश्रय दिला आणि त्याने ९९३ साली ‘अजितपुराण’ रचले. कवी पोन्नाच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिने लिहवून घेऊन वाटल्या. मुद्रणकला नसलेल्या काळात एक हजार प्रती म्हणजे काय, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. १००७ साली लक्कुंडी येथे तिने जिनालय उभारले. लोक तिला ‘दानचिंतामणी’ म्हणू लागले. पुत्राची ती माता होती, गेलेल्या बहिणीची बहीण होती आणि कवींची आधारदात्री सखी होती. जी बहीण अग्नीत गेली तिच्याविषयी समाजाने करुणा बाळगावी. परंतु समाजाचे कल्याण जी मागे राहिली तिच्या हातून झाले, हे विसरू नये.

वैधव्य आले म्हणजे आयुष्य संपले, असे मानणाऱ्या समाजाला अत्तिमब्बेने दहाव्या शतकातच उत्तर दिले होते. कंकुबाई आणि मगनबाई यांनी तेच उत्तर विसाव्या शतकात पुन्हा दिले.

पद्मश्री पंडिता सुमतिबाई शहा

या परंपरेचे परिपक्व फळ म्हणजे ब्रह्मचारिणी पंडिता सुमतिबाई शहा. सोलापूरच्या राजुलमती श्राविकाश्रमाचे नाव घेतले की त्यांचेच नाव ओठांवर येते. राजुल हे नावही अर्थपूर्ण आहे. नेमिनाथांची वरात दाराशी आली असता पशूंचा आक्रोश ऐकून ते परतले आणि गिरनारकडे गेले. लौकिक दृष्टीने राजुलचे आयुष्य लग्नमंडपातच संपले होते. परंतु तिने रडत बसण्याऐवजी आत्मकल्याणाचा मार्ग धरला आणि ती स्वतः आर्यिका झाली. ज्यांच्या आयुष्याची वाट मध्येच तुटली, अशा स्त्रियांच्या आश्रमाला याहून समर्पक नाव कोणते असणार?

सुमतिबाईंनी संस्कृत-प्राकृताचे रीतसर अध्ययन केले. न्याय आणि काव्य यांसारख्या कठीण विषयांत त्यांनी ‘तीर्थ’ पदव्या मिळविल्या. त्यांचे शिक्षण स्वतःपुरते राहिले नाही. श्राविकाश्रम आणि त्याच्याशी संलग्न शिक्षणसंस्था यांतून मुलींच्या अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या. त्या केवळ जैन समाजाच्या राहिल्या नाहीत, सर्व सोलापूरच्या झाल्या. भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. आजन्म ब्रह्मचारिणी राहिलेल्या या स्त्रीला शेकडो घरांत मातेचा मान मिळाला. जन्म देणारी माता एका घराला मिळते. ज्ञान देणारी माता सर्व गावाला मिळते.

त्यांच्या आयुष्यातील एक कार्य विशेष उल्लेखनीय आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना महाबंधाच्या ताडपत्रांतील काही भाग नष्ट झाल्याचे कळले तेव्हा अतिशय दुःख झाले. सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घ्यावेत, अशी प्रेरणा त्यांनी दिली आणि त्यातून जिनवाणी जीर्णोद्धारक संस्थेचे कार्य उभे राहिले. १९५५ साली कुंथलगिरी येथे महाराजांची सल्लेखना झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६५ साली, फलटणहून मूळ षट्खंडागमाची हिंदी अनुवादासह आवृत्ती प्रकाशित झाली. तिच्या संपादिका होत्या सोलापूरच्या पंडिता सुमतिबाई शहा.

या घटनेचा अर्थ शांतपणे समजून घ्यावयास हवा. १८८३च्या सुमारास ज्या ग्रंथाचे केवळ दर्शन घडत असे, जो गृहस्थाने वाचू नये असे मानले जाई, तोच ग्रंथ १९६५ साली एका श्राविकेने संपादित करून समाजापुढे ठेवला. शेठ हिराचंदांनी ग्रंथावरचे कुलूप उघडण्याचा ध्यास घेतला होता. त्यांच्या कन्येने मुलींच्या शिक्षणावरचे कुलूप उघडण्यासाठी आयुष्य वेचले. एका पिढीनंतर त्याच सोलापुरात ही दोन्ही कार्ये सुमतिबाईंच्या ठायी एकरूप झाली. मुलगी शिकली नसती तर हा ग्रंथ तिच्या हाती आला नसता. आणि ग्रंथ बंदच राहिला असता तर तिच्या शिक्षणाला ही उंची लाभली नसती.

षट्खंडागमाच्या उत्पत्तीची कथा याच संदर्भात आठवते. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांनी दोन मुनींची परीक्षा पाहण्यासाठी त्यांना दोन विद्या साधावयास दिल्या. एका मंत्रात अक्षर कमी होते आणि दुसऱ्यात अधिक होते. त्यामुळे एक देवता एकाक्ष आणि दुसरी मोठ्या दातांची दिसली. मुनींनी मंत्र शुद्ध केले, तेव्हा देवता आपल्या मूळ सुंदर रूपात प्रकट झाल्या. हेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी प्रसिद्ध झाले. एक अक्षर कमी-अधिक झाले तर देवतेचे रूप बिघडते, हा त्या कथेचा बोध संपादकाने सदैव ध्यानी ठेवावयाचा असतो. समाजाच्या इतिहासालाही तो लागू पडतो. ज्या इतिहासातून स्त्रियांची नावे गळली, त्याचे रूप एकाक्षच दिसणार.

वहीतील कोरे पान

येथवर ज्या नावांचे स्मरण झाले, ती सर्व मोठी नावे आहेत. परंतु प्रत्येक कंकुबाईच्या मागे शेकडो अनाम स्त्रिया उभ्या होत्या. कोणी पहाटे उठून मंदिराचे सोवळे सांभाळले. कोणी दशलक्षण पर्वात दहा दिवसांचे उपवास केले आणि त्याच दिवसांत घरच्यांचे जेवणखाणही पाहिले. कोणी दुपारी शेजारच्या मुलींना जमवून तत्त्वार्थसूत्र पाठ करवून घेतले. कोणी गिरणी बंद पडल्याच्या काळात शेजारच्या घरी मुकाट्याने पिठाचा डबा पोचविला आणि त्याची वाच्यता कधी केली नाही. त्यांचे नाव कोणत्याही अहवालात नाही. त्या गेल्यानंतर पुत्रांनी पाटी लावली, दान दिले आणि जबाबदारी पूर्ण झाली असे समजले गेले.

दान अवश्य द्यावे. त्यासोबत प्रत्येक घराने एक काम करावे, एवढीच या प्रसंगी नम्र विनंती आहे. दिवाळीत वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. या वर्षी प्रत्येक घरात एक स्वतंत्र वही घालावी आणि तिच्यात आपल्या मातेचे, मावशीचे, आत्याचे, बहिणीचे एक-एक पान लिहावे. तिचे माहेर कोणते, ती कितवीपर्यंत शिकली, शिक्षण का थांबले, तिला कोणती स्तोत्रे मुखोद्गत होती, तिने कोणती व्रते केली, कोणाला शिकविले, कोणाच्या अडचणीत धावून गेली आणि तिची मनातली कोणती इच्छा अपुरी राहिली, हे सर्व लिहावे. ज्या घरी अशी माता आज विद्यमान आहे, त्या घराचे भाग्य मोठे. तिथे उद्याची वाट न पाहता तिच्याजवळ बसून विचारावे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. घरातील नातीने हे लेखन केले तर अधिकच उत्तम. ब्राह्मीची लिपी तिच्या वारसदाराच्या हाती पोचली, असे होईल.

मूडबिद्रीची ताडपत्रे शतकानुशतके टिकली, तरीही त्यांतील काही पाने कायमची नष्ट झाली. मनुष्याची स्मृती तर ताडपत्राइतकीही टिकाऊ नसते. एक पिढी गेली की आठवण जाते, दुसरी पिढी गेली की नाव उरते आणि तिसऱ्या पिढीला फक्त पाटी दिसते. जी पाने अजून वाचता येत आहेत, त्यांची प्रतिलिपी वेळेवर व्हावी, हा धडा आपल्या पूर्वजांनी मोठे मोल देऊन शिकविला आहे.

शेठ हिराचंद आणि शेठ माणिकचंद यांच्यासारख्या पित्यांनी कन्यांवर विश्वास ठेवला, म्हणून समाजाला मगनबाई आणि कंकुबाई लाभल्या. त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींना आपल्या मानले, म्हणून पुढे सुमतिबाईंसारख्या विदुषींचा मार्ग मोकळा झाला. ही साखळी पुढे चालविणे, हीच त्यांच्या ऋणाची खरी फेड होय. आपल्या घरातील प्रत्येक कन्येला इच्छा असेल तिथवर शिकू द्यावे, एकाकी पडलेल्या प्रत्येक भगिनीला समाजात मानाचे स्थान द्यावे आणि वृद्ध मातेला तिचे आयुष्य सांगण्यासाठी एक ऐकणारा मिळवून द्यावा.

माता, भगिनी आणि सखी या तिन्ही रूपांनी समाजाला सावरणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात श्राविकांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र.